खालची पट्टी

स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्यावर दर दिवाळीला नवं कॅलेंडर येतं आणि लक्ष्मी तीच असते. कमळ, दोन हत्ती, तळहातातून ओघळणारी नाणी. बदल होतो तो फक्त तळाशी. कधी बडोद्याच्या दांडिया बाजारातला किराणावाला, कधी मांडवीतलं भांड्यांचं दुकान, यंदा चष्मेवाला. आई रोज सकाळी लक्ष्मीला हात जोडते आणि किराणावाल्याचा नंबर हवा असला की म्हणते, "बघ गं, लक्ष्मीच्या पायाशी लिहिलाय."

त्या पायाशी लिहिलेल्या पट्टीवर आमच्या घरातली माणसं जेवली आहेत. मोठ्या काकांचा रावपुऱ्यात छापखाना होता. दोन खोल्या, छपाईचं एक ट्रेडल मशीन, भिंतभर खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस आणि कायम ओल्या शाईचा वास. नवरात्र संपत आलं की तमिळनाडूतल्या शिवकाशीहून कॅलेंडरांचे गठ्ठे यायचे. चित्रं तिकडेच छापलेली, चार रंगांत, चकचकीत. खाली चार बोटांची कोरी पट्टी. काकांकडे नमुन्यांचा जाडजूड अल्बम असे. दुकानदार येणार, पानं उलटणार, "आ शंकर भगवानवाळुं" म्हणून बोट ठेवणार, काका नंबर टिपून घेणार. मग त्या पट्टीवर दुकानाचं नाव, पत्ता, 'अमारे त्यां' असं म्हणून काय काय मिळतं त्याची यादी, एका रंगात. कुणाच्या दोनशे प्रती, कुणाच्या हजार. हे सगळं बेसत्या वर्षाच्या आत, कारण गुजराती माणसाचं नवं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी उजाडतं आणि त्यानंतर कॅलेंडर देणारा दुकानदार म्हणजे लग्न लागल्यावर अक्षता वाटणारा.

"देव शिवकाशीचा, नाव आपलं," काका म्हणायचे.

मी आज अलकापुरीत बसून हेच काम करते. फरक इतकाच की शाई नाही आणि दिवाळी वर्षभर चालते. पाच माणसांचं आमचं ऑफिस, बावीस ग्राहक: फरसाणवाले, दाताचे डॉक्टर, कोचिंग क्लास, बिल्डर, साड्यांचं दुकान, एक पशुवैद्य. प्रत्येकाला सोशल मीडियासाठी महिन्याला तीस पोस्ट हव्यात. म्हणजे सहाशे साठ. फरसाणवाले शेठ महिन्याच्या पंचवीस तारखेला फोन करून म्हणतात, "बेन, काले सांज सुधीमां त्रीसे त्रीस जोईए," आणि त्यांच्या आवाजात तीस डझन भाकरवडी सांगितल्यासारखा सहजपणा असतो.

पहिली दोन वर्षं आम्ही प्रत्येक पोस्ट कोऱ्या पानावर सुरू करायचो. अभिमानाने. प्रत्येक गुढीपाडव्याला नवी गुढी काढायची, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी. बावीस गुढ्या. अठराव्या गुढीला डिझाइनर मुलगा रडवेला झाला होता आणि मी त्याला "काहीतरी फ्रेश दे" म्हणत होते. त्या रात्री मी एका ग्राहकाच्या वर्षभराच्या पोस्ट छापून ऑफिसच्या फरशीवर पसरल्या. आई पापड वाळत घालते तशा. आणि लक्षात आलं की साडेतीनशे पोस्ट दिसतात खऱ्या, पण प्रकार मोजून नऊ आहेत. सणाच्या शुभेच्छा, नवा माल, भाव किंवा सवलत, गिऱ्हाइकाचं कौतुकपत्र, 'तुम्हाला माहीत आहे का', कारखान्यातलं दृश्य, सुट्टीची सूचना, नोकरभरती, दुकानाचा वाढदिवस. बाकी सगळं या नवांचंच नातेवाईक.

मग नऊ साचे केले. बोधचिन्ह, रंग, अक्षरांचा घाट, पत्त्याची पट्टी ही कुलूपबंद. फोटो, एक ओळ मजकूर आणि तारीख मोकळी. मजकूर एका तक्त्यात, एका ओळीत एक पोस्ट. तक्ता साच्याला जोडला की तीस चित्रं ओळीने बाहेर पडतात. चार दिवसांचं काम दीड दिवसावर आलं. त्या महिन्यात पहिल्यांदा आम्ही शनिवारी सुट्टी घेतली आणि सगळे सेव-उसळ खायला गेलो.

या युक्तीचं एक मूळ बडोद्यातच आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं याची लाज वाटते. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांना बोलावून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची चित्रं काढून घेतली, हे शाळेपासून ऐकत आले होते. पण बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी रविवर्म्यांना दिलेला सल्ला ठाऊक नव्हता. तुमची चित्रं हवी असणारे लोक पुष्कळ आणि तुमचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती करून घ्या, असा त्यांचा विचार होता. पुढे १८९४ साली रविवर्मा आणि त्यांच्या धाकट्या भावाने मुंबईत स्वतःचा छापखानाच काढला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. देवघरात राजा-रंक एकच लक्ष्मी पुजू लागले ते तेव्हापासून. छापखाना मात्र रविवर्म्यांना पेलला नाही. कर्ज झालं आणि तो एका जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. नंतर त्या चित्रांवर दुकानांची, मालाची नावं चढली, देवांच्या पायाशी साबणही आले. आमच्या फ्रिजशेजारची लक्ष्मी ही त्याच घराण्यातली, दूरची पणती.

दोन हात आणि पुष्कळ मागणी. सहाशे साठ पोस्टचं दुखणं दुसरं काय आहे?

पण कामाचं खरं मर्म मी शिकले ते काकांच्या लग्नपत्रिकांवरून. कॅलेंडरचा हंगाम दोन महिन्यांचा. पत्रिका तुळशीच्या लग्नानंतर सुरू होत त्या जूनपर्यंत. मराठी पत्रिकेचा मजकूर तुम्हाला मला पाठच आहे. 'आमचे येथे श्रीकृपेंकरून', 'चि. सौ. कां.', 'करण्याचे योजिले आहे', 'सहकुटुंब सहपरिवार', 'आपले स्नेहांकित'. प्रत्येक वेळी हे खिळा खिळा जुळवायला कोण बसणार? काका तो मजकूर मोडतच नसत. सुतळीने बांधून गॅली नावाच्या तबकात उभा ठेवत, टेबलाखाली. पत्रिका आली की तो गठ्ठा वर यायचा, नावं, तिथी, मुहूर्त, कार्यालय एवढंच नव्याने जुळवायचं, छापून झालं की नावांचे खिळे परत केसमध्ये आणि 'श्रीकृपेंकरून' पुन्हा टेबलाखाली.

मी दहा-बारा वर्षांची असताना विचारलं होतं, मग कंकोत्रीचा, म्हणजे गुजराती लग्नपत्रिकेचा, बारशाचा, मुंजीचा, दुकानाच्या उद्घाटनाचा, सगळ्यांचाच मजकूर असा बांधून का नाही ठेवत? काका म्हणाले, "अगं, शिसं अडकतं." खिळे मोजकेच होते. एक मजकूर उभा ठेवला की त्यातले सगळे 'श्री', सगळे काने आणि मात्रा त्यात बंदिस्त. दुसऱ्या कामाला खिळे कमी पडतात. म्हणून उभं काय ठेवायचं याचा हिशेब करावा लागे. मराठी पत्रिका, कंकोत्री आणि तेराव्याचं निमंत्रण, एवढ्या तीनच गोष्टींना काकांकडे कायमची जागा होती. मुंजी वर्षाला सहा-सातच येत, त्यांच्यासाठी शिसं अडकवणं परवडत नव्हतं.

संगणकात शिसं अडकत नाही. त्यामुळे आमच्याकडे नवाचे चारशे साचे कधी झाले ते समजलंच नाही. 'दिवाळी_नवीन', 'दिवाळी_नवीन_फायनल', 'दिवाळी_फायनल_शेठनी सांगितल्याप्रमाणे'. कुणाला हात लावायची भीती, कुणाला काढून टाकायची त्याहून. साचा शोधायला लागणारा वेळ नवा करायला लागणाऱ्या वेळाइतका झाला तेव्हा मी काकांचं शिसं आठवून नियम केला: एका ग्राहकाला बारा साचे, तेरावा हवा तर एक मोडायचा. टीमला हा नियम मुळीच आवडला नाही, अजूनही आवडत नाही.

मराठीची गंमत वेगळीच. साचे विकणारे लोक इंग्रजीत विचार करतात. इंग्रजीत दुकानाच्या गावाचं नाव रिकाम्या जागेत टाकलं की वाक्य पुरं होतं. गुजरातीतही निभतं, वडोदरामां, अकोटामां, लावा 'मां' आणि चालू पडा. मराठीत आम्ही मोठ्या विश्वासाने 'आता ____मध्ये!' असा साचा केला आणि एका साखळी दुकानाच्या सहा शाखांची नावं तक्त्यातून ओतली. बाहेर आलं: 'आता अकोटामध्ये!', 'आता कारेलीबागमध्ये!' आणि 'आता वाघोडिया रोडमध्ये!' शेवटचं वाचून वाटावं की दुकान रस्त्याच्या मधोमध बांधलंय, महापालिकेला कळवा. अकोट्यात, कारेलीबागेत, वाघोडिया रोडवर. तीन जागा, तीन तऱ्हा.

मालाचंही तेच. 'तुमचा आवडता ____ आला' हे चिवड्याला ठीक. चकली आली, श्रीखंड आलं, लाडू आले. क्रियापदाला आधी विचारावं लागतं की बाई, तू कुणाबरोबर निघालीस. शेवटी तक्त्यात दोन रकाने वाढवले: एक 'सा. रू.', दुसरा 'लिंग'. शाळेत ज्या सामान्यरूपाने माझे मार्क खाल्ले तेच आता माझ्या धंद्यात मदतीला आलं. आमची एक मुलगी गुजराती माध्यमात शिकलेली, तिने विचारलं, "बेन, आ सा. रू. एटले शुं?" मी तिला पंधरा मिनिटं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग वाक्य असं का लिहीत नाही की प्रश्नच येणार नाही? 'चकली. ताजी, आजच.' नाव एकटं एका ओळीत, क्रियापदाला रजा. आता निम्मे साचे तिच्या पद्धतीने चालतात. मला ती वाक्यं थोडी तुटक वाटतात, पण भांडायला तोंड नाही.

आणि लिपी. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे एकाच मापात गुजराती हलकी दिसते आणि मराठी अंगावर येते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत वरचा रफार आणि खालचा उकार दोघेही छाटले जातात. 'सर्व' चं 'सव' झालेली एक पोस्ट आमच्या हातून गेली आहे. छापखान्यात मात्रा तुटली तर खिळा बदलायचे. आम्ही ओळींमधलं अंतर वाढवतो. दुखणं तेच.

संदेशांचे साचे आणखी कडक. व्हॉट्सॲपवर धंद्यासाठी संदेश पाठवायचा तर साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याची सुरुवात किंवा शेवट रिकाम्या जागेने करता येत नाही. एसएमएसचं तर 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनंतर असं झालं की साचा नोंदवलेला नसेल किंवा पाठवलेला मजकूर नोंदीशी जुळला नाही, तर संदेश वाटेतच अडतो. एका डॉक्टरांच्या नोंदवलेल्या साच्यात 'आपली' होतं आणि आम्ही 'तुमची' पाठवलं. एकाही रुग्णाला आठवण गेली नाही आणि सोमवारी दवाखाना रिकामा. आमची चूक, बिल आम्हीच कमी केलं.

तरी या सगळ्या चुका दुरुस्तीच्या. मला झोपू न देणाऱ्या दोन चुका वेगळ्या होत्या, आणि त्या दोन्ही रिकाम्या जागेच्या नव्हत्या. कुलूपबंद पट्टीच्या होत्या.

पहिली अशी की एका मोठ्या माणसाचं निधन झालं, ग्राहकाचा फोन आला, दहा मिनिटांत श्रद्धांजलीची पोस्ट हवी. मुलाने सणाचा साचा उघडला, रंग काळा केला, फोटो लावला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, पाठवली. खालची पट्टी कुलूपबंद होती. तिच्यावर नेहमीसारखं लिहिलेलं होतं, 'आजच भेट द्या!'

मी हे लोकांना हसत सांगते. त्या दिवशी हसले नव्हते.

दुसरी २०२४ च्या ऑगस्टमधली. पावसाळ्याची म्हणून एका फरसाणवाल्याची मालिका आम्ही जुलैमध्येच करून ठेवली होती. एक साचा, दहा पोस्ट, वेळा लावून दिलेल्या. बाहेर पाऊस, घरात गरम भजी, चाळीस मिनिटांत घरपोच. सोमवारी २६ तारखेला जन्माष्टमी होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. काळाघोड्याच्या पुलावर विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकली. मग दोन-तीन दिवस अर्धं शहर पाण्यात. सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी, रस्त्यांवर मगरी, गच्च्यांवर माणसं. आमच्याकडे वीज नव्हती, फोन मेलेला, लॅपटॉप ऑफिसमध्ये आणि ऑफिसच्या जिन्यापर्यंत पाणी. बुधवारी सकाळी नऊ वाजता यंत्राने आपलं काम चोख केलं. 'बडोद्याच्या पावसाची मजा घ्या! चाळीस मिनिटांत तुमच्या दारात.'

खाली पहिलीच प्रतिक्रिया होती, "होडी लईने आवशो?"

मला ते संध्याकाळी कळलं, शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर फोन जरा जिवंत झाला तेव्हा. शेठना फोन लावला. त्यांच्या गोदामात कमरेएवढं पाणी होतं, तेलाचे डबे तरंगत होते. मी माफी मागायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "बेन, ए पछी. तमारे त्यां बधां ठीक छे ने?" पोस्टबद्दल ते पुढेही एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर आमच्याकडे वेळ लावलेली कुठलीही पोस्ट आपोआप जात नाही. रोज सकाळी साडेआठला एक जण दिवसभराच्या सगळ्या पोस्ट उघडतो, एकदा खिडकीबाहेर बघतो, एकदा वर्तमानपत्र, आणि मग 'हो' म्हणतो. वीस मिनिटं जातात. शंभर पोस्टचा वेग हवा असलेल्या माणसाला हा कामचुकारपणा वाटेल. वाटो. शिवकाशीहून आलेल्या गठ्ठ्यातलं प्रत्येक कॅलेंडर ट्रेडलखाली काका स्वतःच्या हाताने सरकवत. हजार प्रती म्हणजे हजार वेळा त्या पट्टीकडे नजर. त्यांना कुणी 'तपासणी' म्हणून पगार देत नव्हतं. यंत्रच तसं होतं की डोळा चुकवता येत नसे.

मराठीत 'छापील' हा आता अपमानाचा शब्द झालाय. छापील उत्तर, छापील हसू. आमच्या घरी मात्र तो शब्द वापरून कुणाला नावं ठेवलेली मला आठवत नाहीत. पोट त्याच्यावर होतं, आणि काकांना पत्रिका 'वेगळी' करून हवी असणाऱ्यांची थोडी गंमतच वाटे. कुणी स्वतः रचलेली कविता घेऊन आला की ते छापून देत, पण म्हणत, लोक पत्रिकेत दोनच गोष्टी वाचतात. जेवण किती वाजता, आणि आपल्या घरच्यांचं नाव कुठे.

दुसरी गोष्ट किती खरी होती ते कंकोत्रीत दिसे. तिच्यात 'टहुको' नावाचा एक कोपरा असतो. घरातली लहान मुलं बोबड्या बोलात म्हणतात, 'मारा काकाना लगनमां जलूल जलूल आवजो', आणि खाली त्यांची नावं. आम्हा बडोद्याच्या मराठ्यांनीही तो उचलला: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' वाक्य पिढ्यान्पिढ्या तेच, कुणीही बदललेलं नाही, बदलावंसं वाटलेलं नाही. पण पत्रिका हातात आली की घरोघरी आधी तो कोपरा उघडला जातो, आपल्या सोनूचं नाव आहे का, आणि चुलत्याच्या पोराच्या आधी आहे की नंतर. त्या ओळीत एक नाव राहिलं म्हणून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, हे मी पाहिलंय.

यंदा काकांच्या नातीचं लग्न आहे. छापखाना बंद होऊन किती वर्षं झाली. खिळे वजनावर गेले. पत्रिका अर्थात माझ्याकडे आली. मी काय केलं असेल? चौदा वर्षांपूर्वी तिच्या काकाच्या लग्नाची पत्रिका मीच केली होती, ती फाइल शोधली. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, 'सुपुत्र' चं 'सुकन्या' केलं, तारीख, मुहूर्त, कार्यालय बदललं, 'काकाच्या' चं 'ताईच्या' केलं. चाळीस मिनिटांत तयार. व्हॉट्सॲपवर टाकायच्या आधी एक प्रत कागदावर काढून काकांना दाखवायला नेली.

काकांनी भिंग काढलं. वरचा मजकूर त्यांनी वाचलाच नाही, तो पाठ आहे. थेट खालच्या कोपऱ्यावर गेले आणि तिथे बराच वेळ थांबले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखालच्या नावांत पहिलं नाव नवरीचं. चौदा वर्षांपूर्वी ती सातवीत होती. काकाच्या लग्नाला लोकांना बोलावून ती तिथेच बसून राहिली होती.

"स्वतःच्या लग्नाला स्वतःच आमंत्रण देतेय," काका म्हणाले आणि खांदे हलेपर्यंत हसले. मग पेन्सिल मागितली, तिच्या नावावर हलकी रेघ मारली, आणि बाजूला घरातल्या सगळ्या पोरांची नावं वयाप्रमाणे लिहायला लागले. मध्येच हाक मारली, "अगं, जुळ्यांतला मोठा कुठला?"